सांगणाऱ्याचं नाव

मार्च २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात, दंगलीनंतर, नागपुरात ज्याच्याशी बोलावं तो एकच सांगत होता: मोबाईलवर फिरणारं हे सगळं खोटं सरकारनं बंद केलं पाहिजे. दूधवाला, शेजारच्या वहिनी, बँकेतून निवृत्त झालेले खालच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांचं एकच. आमच्या नंदनवन वस्तीत कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणारी बाई म्हणाली, "ते व्हॉट्सअपच बंद करून टाकाले पायजे बाप्पा. कोनीबी काईबी टाकते, अन् आमचा धंदा बसते." संचारबंदीत तिचा माल घरातच सडला होता. तिला काय उत्तर द्यायचं? तिचा राग खरा होता आणि नुकसानही.

पण सरकारनं नेमकं काय बंद करायचं, कोणतं खोटं आणि कोणतं खरं हे कोणी ठरवायचं, आणि ठरवणारा चुकला तर त्याला जाब कोणी विचारायचा, हे प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी आयुष्याचा मोठा काळ एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, बहुतेक रात्रपाळीत घालवला. पान सोडायच्या आत खरं काय नि खोटं काय हे ठरवणं हेच काम होतं. त्यामुळे या प्रश्नाकडे मला तटस्थपणे बघता येत नाही, आणि बघायचंही नाही.

त्या १७ मार्चला महाल भागात शिवाजी पुतळ्यापाशी औरंगजेबाची कबर हटवा म्हणून आंदोलन झालं. कबरीची प्रतिकृती जाळण्यात आली, तिच्यावर हिरवं कापड होतं. त्या कापडावर पवित्र मजकूर होता, असं संध्याकाळपर्यंत मोबाईलवरून गावभर झालं. ती अफवा होती, असं पोलिसांनी आणि मुख्यमंत्र्यांनी नंतर सांगितलं. पण तोवर चिटणीस पार्ककडे दगडफेक सुरू झाली होती, आणि रात्री हंसापुरीत घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्या जळाल्या. अनेक पोलीस जखमी झाले. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली अशा कितीतरी ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. आमच्याकडची लवकर उठली, महालाकडची आठवडाभर राहिली. त्या रात्री जखमी झालेल्या एका माणसाचा २२ तारखेला रुग्णालयात मृत्यू झाला.

दंगलीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, "मेयोत दोघं गेले, लपवून ठेवलंय." कोण गेले, कोणत्या वॉर्डात, कोणी पाहिलं, काही नाही. मी जुन्या सवयीनं मेयो या सरकारी रुग्णालयातल्या ओळखीच्या सिस्टरला फोन लावला. "नाही वो ताई, आमच्याकडे कोनी नाई गेलं," ती म्हणाली. दमलेली होती बिचारी. मी ग्रुपवर विचारलं, ही बातमी कोणाची? ज्यानं टाकली होती तो चांगला मुलगा आहे, लहानपणापासून पाहिलेला. त्यानं लिहिलं, "काकू, मी काही म्हणत नाहीये. जसं आलं तसं पाठवलं."

जसं आलं तसं. ज्यानं त्याला पाठवलं तोही हेच म्हणणार, त्याच्या आधीचाही हेच म्हणणार. हजारो लोकांनी सांगितलेली गोष्ट, आणि सांगणारा कोणीच नाही. खोटेपणाइतकीच मला ही गोष्ट भयंकर वाटते.

कारण मी ज्या धंद्यात वाढले तिथे शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची. आम्ही तिला प्रिंट लाइन म्हणायचो. मालकासाठी अमुक मुद्रक-प्रकाशकानं अमुक ठिकाणी छापून अमुक ठिकाणाहून प्रसिद्ध केलं, आणि संपादक अमुक. वाचक ती कधी वाचत नसत. पण ती ओळ राहून गेली किंवा चुकली तर अंक अडायचा. ही ओळ आली १८६७ च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्यातून. तो दीडशेहून अधिक वर्षं टिकला, आणि आता त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. त्या जुन्या कायद्याची मला नेहमी आवडलेली बाजू अशी, की खरं काय आणि खोटं काय याबद्दल प्रिंट लाइनच्या त्या कलमात चकार शब्द नाही. तुम्हाला हवं ते छापा. फक्त तुम्ही कोण, कुठे सापडाल, ते खाली लिहा. खोटं निघालं, कोणाची बदनामी झाली, दंगल पेटली, तर तो माणूस कोर्टाला सापडला पाहिजे.

या एका ओळीमुळे डेस्कवर किती गोष्टी घडायच्या हे बाहेरच्यांना कळणार नाही. रात्री अकराला तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला, "तिघं मेले", की पहिला प्रश्न "तू पाहिलंस का?" दुसरा, "ठाणेदार काय म्हणाला?" मग कंट्रोल रूम, मग मेयो नाहीतर मेडिकल. तिन्ही जुळले नाहीत तर डाक आवृत्तीला, म्हणजे बाहेरगावी लवकर निघणाऱ्या अंकाला, बातमी जायची नाही. शहर आवृत्तीपर्यंत वाट पाहायची. जातीय तणावात कोणत्या समाजाचा कोण हे लिहायचं नाही, "दोन गटांत" एवढंच लिहायचं. तरुण मुलं या शिस्तीवर चिडत. वाचकांना सगळं माहीत असतं, मग आपण का लपवायचं? आमचे वृत्तसंपादक त्यांना म्हणत, वाचकाला माहीत असणं वेगळं, आपण छापून त्याच्या हातात देणं वेगळं. हे सारे नियम सरकारनं येऊन बसवले नव्हते. बरेचसे धंद्यानं स्वतःला लावून घेतलेले होते. पण मागे ती तळाची ओळ होती, म्हणून ते पाळले जात.

तरी त्या ओळीचा इतिहास निर्मळ नाही, हेही सांगितलं पाहिजे. नावं नोंदवून घेण्यात इंग्रजांचा रस वाचकांच्या भल्यापुरता नव्हता. छापखान्यांवर नजर ठेवायची होती. पुढे १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांपुरता वेगळा जाचक कायदा आलाच. इंग्रजीत लिहा, चालेल. मराठीत, बंगालीत लिहाल तर जामीन भरा. लोकांत काय बोललं जातं याची सत्तेला भीती वाटते ती लोकांच्या भाषेतच वाटते. आणि १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं गेलं, तेव्हा सरकारला जबाबदार माणूस शोधत फिरावं लागलं नव्हतं. नाव समोर होतं. म्हणजे नाव लावणं ही जबाबदारी आहे, तसंच ते सरकारच्या हाती दिलेलं टोकही आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि समाजमाध्यमांचा कायदा करणाऱ्याला त्या दोन्ही डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतील.

आता अफवेकडे येते. अफवेनं माणसं मारणं नागपूरला मोबाईलनं शिकवलेलं नाही. २०१२ मध्ये याच शहरात, कळमन्याच्या बाजूला, नाथजोगी समाजाच्या तिघा बहुरूप्यांना जमावानं चोर समजून ठार मारलं. पिढ्यान्पिढ्या सोंगं घेऊन दारोदार फिरणारी माणसं. त्यांचं सोंग हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. तेव्हा वस्त्यावस्त्यांत स्मार्टफोन नव्हते. तोंडी पसरलेली भीती पुरेशी होती. त्यानंतर १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. या वेळी फोन होते. मुलं पळवली जात असल्याचे व्हिडिओ आठवडे नि आठवडे फिरत होते.

या दोन घटना मी पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून पाहते. फोनमुळे काय बदललं? वेग बदलला, पल्ला बदलला. पण मेली ती त्याच माणसांसारखी माणसं. भटकी, परक्या गावात आलेली, ज्यांना आपण "आपली" म्हणत नाही ती. आणि या माणसांविषयीचा संशय आला कुठून? १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कितीतरी भटक्या जमाती जन्मतःच चोर आहेत असं कागदावर लिहून टाकलं. बाया-माणसांना हजेरी लावायला लावली, तारेच्या कुंपणात ठेवलं. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा गेला. या भूमीवर भटक्या माणसांविषयी पसरलेली सगळ्यात मोठी खोटी माहिती कोणा टवाळखोरानं पसरवलेली नाही. ती सरकारी राजपत्रात छापून आली, ठाण्याच्या रजिस्टरांत उतरली आणि ऐंशी वर्षं कायदा म्हणून राबवली गेली. राईनपाड्याच्या जमावातल्या कोणाला १८७१ हे साल माहीत असण्याची गरज नव्हती. तो संशय गावाच्या अंगात मुरलेला होता.

म्हणून सरकारनं खरं-खोटं ठरवावं असं कोणी म्हणालं की मला पहिल्यांदा हे आठवतं.

आणि तरीही मी "सरकारनं काहीच करू नये" या बाजूची नाही. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारनं व्हॉट्सअपला जाब विचारला. त्याच जुलैत कंपनीनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. या उपायाचं मोल लोकांच्या लक्षात फारसं आलेलं नाही. तो ब्रेक निरोप वाचत नाही. निरोप खरा आहे की खोटा, सरकारच्या बाजूचा की विरुद्ध, हिंदूचा की मुसलमानाचा, त्याला ठाऊक नसतं. फक्त धावण्याचा वेग तो कमी करतो, आणि वेग कमी झाला की मेयोत फोन लावायला कोणाला तरी वेळ मिळतो. रात्रपाळीत आम्ही शहर आवृत्तीपर्यंत बातमी थांबवायचो, ते याच वेळासाठी.

सरकारांना मात्र असा आंधळा ब्रेक पुरत नाही. त्यांना मजकुरापर्यंत हात पोचवायचा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं फेसबुकवर विचारलं म्हणून पालघरच्या एका मुलीला अटक झाली, आणि ते आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. त्यात खोटं काय होतं? काहीच नाही, एक मत होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. "त्रासदायक", "गैरसोयीचं" असले सैल शब्द असलेला कायदा शेवटी कोणाही ठाणेदाराच्या मर्जीवर चालतो.

मग एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं नियम बदलले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे हे केंद्र सरकारनंच नेमलेली तथ्य तपासणी यंत्रणा ठरवणार, आणि तिनं बोट ठेवल्यावर कंपनीनं मजकूर राहू दिला तर लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला मिळणारं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार. म्हणजे वादी सरकार, न्यायाधीश सरकार, आणि खटला सरकारविषयीच्याच बातमीचा. विनोदकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्डसह काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. २० सप्टेंबर २०२४ ला तिसऱ्या न्यायमूर्तींनी कौल दिला आणि नियम घटनाबाह्य ठरला. हे तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर, ज्यांनी नागपुरात वर्षानुवर्षं वकिली केली आणि जे आता सर्वोच्च न्यायालयात आहेत. त्यांनी म्हटलेल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी: सरकारनं गाळून दिलेली, सरकारच्या मते खरी असलेलीच माहिती नागरिकांपर्यंत जावी, ही राज्यसंस्थेची जबाबदारीच नाही. आणि दुसरी, जी आम्हा छापील पत्रातल्या माणसांना लगेच भिडते: तीच बातमी कागदावर छापली तर चालते आणि पडद्यावर आली तर सरकारची कात्री, हा भेद कशाच्या आधारावर?

याचिका एका विनोदकारानं केली हे मला योग्यच वाटलं. नागपूरकरांना ते समजावून सांगायची गरज पडू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवर काळी मारबत आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, एखाद्या पुढाऱ्याचा बडगा. गळ्यात पाट्या. त्या पाट्यांवरचं एक तरी वाक्य तथ्य तपासणीत टिकेल का? नाही टिकणार. ते टिकावं म्हणून लिहिलेलंच नसतं. "घेऊन जा गे मारबत" म्हणताना लाखो लोकांना कळतं की हा पुतळा आहे, ही अतिशयोक्ती आहे, आणि त्याच्या आत आपला राग आहे. इंग्रजांच्या राज्यातही हे चाललं. "दिशाभूल करणारी माहिती" असा शब्दप्रयोग घेऊन एखादा अधिकारी बडग्यांच्या मिरवणुकीत उतरला तर काय काय उचलून नेईल, याचा विचार मी दर वर्षी ती गर्दी पाहताना करते.

खोट्याच्या नावाखाली खरं कसं दडपलं जातं याची उदाहरणं लांब नाहीत. चीनमधल्या वूहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी सहकाऱ्यांना नव्या आजाराविषयी सावध केलं, तर ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी बोलावून खोटं बोलल्याबद्दल समज दिली आणि सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजारानं गेले. एप्रिल २०२१ चं नागपूर ज्यांनी पाहिलं आहे ते विसरणार नाहीत. मेडिकलमध्ये खाट नाही, खासगीत नाही, ऑक्सिजनसाठी रात्रीच्या रात्री फोन. माझ्या नणंदेच्या यजमानांसाठी आम्ही सगळे फोनला चिकटलेलो. ग्रुपवर नंबर येत होते. काही बंद, काही चुकीचे, काही चक्क रेमडेसिविरच्या नावानं पैसे उकळणारे. आणि त्याच ढिगाऱ्यातून एका अनोळखी माणसानं टाकलेल्या नंबरवर कामठी रोडच्या एका छोट्या रुग्णालयात खाट मिळाली. तो निरोपही "जसं आलं तसं" होता. पडताळलेला नव्हता. पडताळायला कोणाकडे वेळ नव्हता. त्या दिवसांत ऑक्सिजनसाठी समाजमाध्यमावर हाक देणाऱ्यांवर अफवा पसरवल्याचे गुन्हे नोंदवण्याची भाषा काही ठिकाणी झाली. उत्तर प्रदेशात एका तरुणावर तसा गुन्हा नोंदवलाही गेला. ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाला बजावून सांगावं लागलं की मदत मागणाऱ्या नागरिकांची माहिती दाबू नका, दाबली तर तो न्यायालयाचा अवमान समजू.

खरी गोष्ट कित्येकदा अधिकृत होण्याआधी अफवेच्याच रूपात पोचते. डेस्कवरच्या प्रत्येकाला हे माहीत असतं. म्हणून आम्ही अफवा फेकून देत नव्हतो, तिचा माग काढत होतो.

मग माझं म्हणणं काय? सरकारनं नियम करावेत, कडक करावेत, पण ते माणसाच्या तोंडावर करू नयेत. ते त्या यंत्रणेवर करावेत जी माणसाचं बोलणं उचलून कोट्यवधींपुढे नेते आणि त्यातून पैसा कमावते. माझ्या शेजारच्या मुलानं निरोप पुढे पाठवला, तो त्याच्या ओळखीच्या माणसांत पोचला. पण फेसबुकवर, यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर कोणता व्हिडिओ कोणाच्या डोळ्यांपुढे आधी यावा हे कंपनीची गणितं ठरवतात, आणि रागावलेला माणूस जास्त वेळ बघत बसतो हे त्या गणितांना पक्कं ठाऊक आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध विष पसरत होतं, ते रोखायला आपण पुरेसं केलं नाही असं फेसबुकनं स्वतः २०१८ मध्ये मान्य केलं. वर्तमानपत्राच्या मालकाला "पहिल्या पानावर काय घ्यायचं ते आम्ही ठरवलं नाही, वाचकांनी ठरवलं" असं म्हणता आलं असतं का? पान लावणारा जबाबदार असतोच. या कंपन्या दिवसाला अब्जावधी पानं लावतात आणि प्रिंट लाइन एकाही पानाला नाही.

युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा मला या दृष्टीनं शहाणा वाटतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्णपणे लागू आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणेतून समाजाला कोणते धोके पोचतात ते स्वतः तपासून लिहून द्यायचं, बाहेरच्यांकडून त्याचं ऑडिट करून घ्यायचं, जाहिराती कोणी कोणासाठी दिल्या त्याचं उघड दप्तर ठेवायचं, संशोधकांना माहिती द्यायची. नाही केलं तर जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. सिंगापूरनं २०१९ मध्ये दुसरी वाट धरली: मंत्र्याला वाटलं की अमुक विधान खोटं आहे, तर तो दुरुस्तीची सूचना जोडायचा किंवा मजकूर काढायचा आदेश देतो, कोर्टात जायचं ते नंतर. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना, कोणत्याही पक्षाच्या, सिंगापूरची वाट मोहात पाडते. कर्नाटकात काँग्रेस सरकारच्या २०२५ च्या मसुद्यात खोट्या बातमीला सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. एक दिल्लीतलं सरकार, एक बंगळुरूतलं, एकमेकांचे कट्टर विरोधक, आणि ओढ मात्र सारखी. दंगल भडकवणारं खोटं पसरवणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं ३५३ कलम आहेच; त्यात तसा हेतू किंवा तशी शक्यता सिद्ध करावी लागते, कोर्टापुढे. तेच अवघड वाटतं म्हणून नवे सोपे कायदे हवे असतात.

माझ्या मनातल्या कायद्यात नाव सक्तीचं असेल ते पैसे देऊन मजकूर पसरवणाऱ्याला. कोणी पैसे दिले, किती दिले, कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या वयाच्या माणसांना दाखवायला दिले, हे त्या मजकुराच्या तळाशी मराठीत दिसलं पाहिजे. साध्या बोलणाऱ्याला मात्र निनावी राहू द्यावं. तहसील कार्यालयातला कारकून वाळूच्या ट्रकांबद्दल काही सांगू पाहतो, तेव्हा त्याला टिळकांसारखं मंडालेला जायची ताकद असेलच असं नाही. शिवाय कंपन्यांना विचारलं पाहिजे की मराठी येणारी किती माणसं तुम्ही तक्रारी तपासायला ठेवली आहेत. वऱ्हाडीत दिलेली धमकी, झाडीबोलीतली शिवी, अर्धी हिंदी अर्धी मराठी असलेली नागपुरी चिथावणी त्यांना कळते का? इथल्या भाषेत धंदा करायचा आणि इथल्या भाषेत लक्ष मात्र ठेवायचं नाही, हे चालू देता कामा नये.

आणि एक काम सरकारला कोणत्याही नव्या कायद्याशिवाय करता येतं. लवकर आणि पूर्ण बोलणं. दंगलीच्या रात्री पोलिसांचं निवेदन तासातासाला, मराठीत, हिंदीत, उर्दूत आलं पाहिजे: किती जखमी, कुठे दाखल, मृत्यू झाला की नाही, कोणता रस्ता बंद. "परिस्थिती नियंत्रणात आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका" या वाक्यात एकही माहिती नसते, आणि जिथे माहिती नसते तिथे अफवा राहायला येते. मेयोतल्या त्या सिस्टरनं मला जे फोनवर सांगितलं ते जिल्हाधिकाऱ्यांच्या पानावर असतं, तर आमच्या ग्रुपवर कोणाला विचारायची वेळ आली नसती.

राहता राहिला तो मजकूर, जो खरोखरच ताबडतोब काढावा लागतो. असतो तसा. मार्चच्या त्या दिवसांत सायबर पोलिसांनी शंभरावर पोस्ट आणि व्हिडिओ हेरून कंपन्यांना काढायला सांगितले. त्यातल्या कित्येकांत उघड चिथावणी असणार, आणि त्या काढल्या गेल्या याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या नेमक्या कोणत्या, कोणाच्या आदेशानं, कोणत्या कारणासाठी, हे मला नागपूरकर म्हणून कुठे वाचता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर अडवण्याचे जे २००९ चे नियम आहेत, त्यांतला सोळावा नियम तर असे आदेश आणि तक्रारी गुप्त ठेवायलाच सांगतो. दर डिसेंबरात इथे विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरतं, मोर्चे निघतात, लक्षवेधी लागतात. विदर्भातल्या एखाद्या आमदारानं एवढं एक मागावं: राज्याच्या यंत्रणेनं वर्षभरात काढायला लावलेल्या प्रत्येक मजकुराची यादी सभागृहाच्या पटलावर ठेवा. तारीख, कारण, मजकूर काय होता याचं दोन ओळींत वर्णन, ज्याचा मजकूर काढला त्याला कळवलं की नाही, आणि तळाशी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा पत्ता.